केळीचे मळे आणि कंपनी सरकार

मंडळी, 'कंपनी सरकार' हा शब्द आपल्याला नवा नाही. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि आपला मुलूख कोणा राजाच्या नव्हे, तर लंडनात कचेरी असलेल्या एका व्यापारी कंपनीच्या हाती गेला. त्या कंपनीजवळ स्वतःची फौज होती, स्वतःचे निशाण होते. तेव्हा ती सरकार होऊन बसली यात फारसे नवल नाही. आज मला ज्या कंपनीची हकीकत सांगायची आहे तिच्याजवळ फौज नव्हती. तिचा धंदा केळी विकण्याचा. पण एका देशात ती अशी काही बसली, की तिथल्या शेतकऱ्याला तिच्या रेल्वेवाचून आपला माल बंदरावर नेता येईना, आणि तिथल्या सरकारला तिची पडीक जमीन हात लावताच जड गेली.

अनेक देशांत जमिनी, खाणी, कारखाने ठेवून एकाच ठिकाणाहून सारा कारभार हाकणाऱ्या अशा संस्थांना पुढे 'बहुराष्ट्रीय कंपन्या' हे नाव पडले. त्या चांगल्या की वाईट, हा वाद शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेत छान रंगतो. मला तो तसा घालायचा नाही. आपण एकच देश घेऊ, एकच कंपनी घेऊ, आणि एकच प्रश्न धरून चालू : जमिनीची किंमत कोणी ठरवायची?

शिक्षकबंधूंनी जगाचा नकाशा समोर घ्यावा. उत्तर अमेरिकेच्या खालच्या भागात मेक्सिको आहे. त्याच्याही खाली जमीन चिंचोळी होत जाते. एका बाजूला पॅसिफिक महासागर, दुसऱ्या बाजूला कॅरिबियन समुद्र. या पट्टीच्या तोंडाशीच ग्वातेमाला नावाचा देश आहे. आकाराने आपल्या महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. डोंगरात कॉफी, खाली दमट किनाऱ्याला केळी. डोंगरातली वस्ती मुख्यतः माया वंशाच्या मूळ रहिवाशांची, आणि जमीन मात्र मूठभर मळेवाल्यांची. १९५० च्या सुमारास दर शंभर जमीनधारकांत दोघांकडे देशातली जवळजवळ सत्तर टक्के शेतजमीन होती.

आता केळे घ्या. रावेर-सावद्याकडच्या शेतकऱ्याला केळे म्हणजे काय ते मी सांगावे असे नाही. कापूस गंजीत चार महिने थांबतो, ज्वारी कणगीत वर्षभर राहते, पण केळे थांबत नाही. लोंगर हिरवा कापायचा आणि पिकण्याच्या आत गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन टाकायचा. वॅगन वेळेवर मिळाली तर पैसा, नाही मिळाली तर तोच माल गुरांपुढे. म्हणजे ज्याच्या हाती वाहन, त्याच्या हाती पीक. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवा. पुढची सगळी हकीकत तिच्यातूनच निघते.

१८७० साली लोरेंझो बेकर नावाचा अमेरिकन दर्यावर्दी जमैकाहून केळीचे काही घड आपल्या गलबतात घालून न्यूयॉर्कजवळच्या जर्सी सिटी बंदरात घेऊन गेला. तिकडच्या थंड मुलखात केळे म्हणजे नवलाईचा मेवा! माल हातोहात खपला. त्याच सुमारास मायनर कीथ हा दुसरा एक अमेरिकन कोस्टारिका देशात जंगल तोडून रेल्वे बांधत होता. तापाने आणि अपघातांनी मजूर पटापट मेले; कीथचे स्वतःचे भाऊही त्यात गेले. रेल्वेला उतारू मिळेनात, तेव्हा रुळांच्या कडेने त्याने केळी लावली. रेल्वेसाठी केळी, की केळीसाठी रेल्वे, हे पुढे कोणालाच सांगता येईना! १८८४ साली कोस्टारिकाच्या सरकारने त्याला रेल्वे पुरी करण्याच्या बदल्यात ८ लाख एकर जमीन आणि रेल्वेचा ९९ वर्षांचा मक्ता लिहून दिला. १८९९ साली कीथचा पसारा आणि बेकर व त्याच्या भागीदारांची बोस्टनची फळकंपनी एक झाली, आणि 'युनायटेड फ्रूट कंपनी' जन्माला आली.

ग्वातेमालातही हाच डाव मांडला गेला. तिथे त्या वेळी एस्त्रादा काब्रेरा नावाचा हुकूमशहा होता. राजधानीपासून कॅरिबियन किनाऱ्यावरच्या प्वेर्तो बारिओस बंदरापर्यंत रेल्वे अर्धवट पडली होती. सरकारजवळ पैसा नव्हता. १९०४ साली त्याने कीथशी करार केला : तू रेल्वे पुरी कर, जमीन घे. १९०८ साली रेल्वे पुरी झाली. बंदरावरचा धक्काही त्या रेल्वेचाच. धक्क्याला लागणाऱ्या पांढऱ्याशुभ्र बोटी युनायटेड फ्रूटच्या. तारेचा आणि बिनतारी संदेशाचा धंदाही तिच्याच एका पोटकंपनीकडे. कॉफीवाला मळेवाला मनात म्हणत असेल, माझा केळीशी काय संबंध? पण त्याची कॉफीसुद्धा त्याच रुळांवरून, त्याच धक्क्यावर जायची, आणि तीही कंपनीच्या केळ्यांपेक्षा चढ्या भाड्याने. हे मी पदरचे सांगत नाही. या रेल्वेच्याच लहान भागधारकांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला, की युनायटेड फ्रूटची केळी फार स्वस्तात वाहून आमचे नुकसान केले जात आहे. आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला.

पुढे १९३१ साली होर्हे उबिको हा सेनापती सत्तेवर आला. त्याच्या कायद्याप्रमाणे भूमिहीन माणसाने वर्षातले ठराविक दिवस मळ्यावर राबलेच पाहिजे. जवळ एक लहानशी वही बाळगायची आणि तिच्यात दिवस भरून घ्यायचे. वही भरली नाही तर तुरुंग. वेठबिगार म्हणजे काय ते आपल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. इथे ती कागदावर आणि शिक्क्यानिशी होती. याच उबिकोने १९३६ साली कंपनीला पॅसिफिक बाजूच्या तिकिसाते भागात नवा ९९ वर्षांचा करार दिला. करांतून भरघोस माफी. पॅसिफिक किनाऱ्यावर बंदर बांधून देईन असे कंपनीने आधी कबूल केले होते, त्यातूनही तिची सुटका. बंदर झाले नाही, तेव्हा पॅसिफिककडची केळी सारा देश ओलांडून पार कॅरिबियन किनाऱ्याला जाऊ लागली, अर्थात त्याच रेल्वेने. आणि मजुरी? ती वाढवू नका, रोजाला अर्ध्या डॉलरवर ठेवा, असे उबिकोनेच कंपनीला सुचवले. ती वाढली तर बाकीचे मळेवाले ओरडतील ना!

इथे थोडे थांबून कंपनीच्या बाजूचेही बोलायला हवे. तिने दलदली उपसल्या, हिवतापाशी झगडा केला, दवाखाने उघडले. तिची मजुरी डोंगरातल्या कॉफीमळ्यांपेक्षा बरी होती, म्हणून तर माणसे तिच्याकडे धावत. शेजारच्या होंडुरासमध्ये तिने उभारलेली सामोरानोची शेतकीशाळा आजही चांगली चालते. हे खोटे नाही. फक्त हे सारे कोणाच्या मर्जीवर होते, ते पाहा. दवाखाना कंपनीचा, दुकान कंपनीचे, खोली कंपनीची. उद्या कंपनी उठून गेली तर गावाजवळ उरते काय?

आणि कंपनी उठून जात असे. याचे कारण शेतीतले आहे. त्या काळी 'ग्रो मिशेल' नावाची एकच जात सगळीकडे लावलेली असायची. जाड सालीचे, प्रवासाला टणक केळे. तिला पनामा रोग नावाचा मर रोग लागला. त्याची बुरशी एकदा मातीत शिरली की वर्षानुवर्षे तिथेच राहते. औषध नाही. कंपनीचा उपाय सोपा : तो मळा सोडायचा, रूळ उखडायचे आणि नव्या कोऱ्या जमिनीवर जायचे. म्हणून हाताशी नेहमी मोठी राखीव जमीन ठेवायची. ग्वातेमालात कंपनीजवळ सुमारे साडेपाच लाख एकर जमीन होती, आणि तिच्यातली दर शंभर एकरांतली पंचाऐंशी पडीक. कंपनी म्हणे, ही आमची उद्याची तरतूद आहे. कंपनीच्या हिशेबाने तेही खरेच होते. पण कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या भूमिहीनाला हा हिशेब कोण समजावून सांगणार?

१९४४ साली ऑक्टोबर महिन्यात तिथे क्रांती झाली. मळेवाल्यांची नव्हे, शिक्षकांची, विद्यार्थ्यांची आणि तरुण लष्करी अधिकाऱ्यांची. निवडणुकीत अध्यक्ष झाले ते हुआन होसे अरेवालो हे गृहस्थ तर शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक. आपल्या शिक्षकमंडळींना हे ऐकून बरे वाटेल! त्यांनी दिवस भरण्याची ती वही रद्द केली आणि १९४७ साली मजुरांसाठी कायदा आणला. संघटनेचा हक्क, संपाचा हक्क, कामाच्या तासांवर बंधन. कंपनीने तेव्हाच तक्रार सुरू केली, की हा कायदा मुद्दाम आमच्यावर रोखलेला आहे.

त्यांच्यामागून १९५१ साली हाकोबो आर्बेंझ अध्यक्ष झाले. हे मूळचे लष्करातले अधिकारी. त्यांनी १७ जून १९५२ रोजी जमिनीचा कायदा जाहीर केला. मोठ्या इस्टेटींमधली पडीक जमीन सरकारने घ्यायची आणि भूमिहीनांना द्यायची. जी जमीन कसली जाते तिला हात नाही. दोनशेतेवीस एकरांच्या आतल्या मालकालाही धक्का नाही. घेतलेल्या जमिनीचा मोबदला सरकारी रोख्यांत, तीन टक्के व्याजाने, पंचवीस वर्षांत. खुद्द आर्बेंझ यांची स्वतःची जमीनही या कायद्याखाली गेली. आपल्याकडे मुंबई राज्यात १ एप्रिल १९५७ ला कुळे कसत असलेल्या जमिनीची मालक झाली, १९६१ साली कमाल धारणेचा कायदा आला, आणि खाजगी साखर कारखान्यांकडची जमीन काढून १९६३ साली शेती महामंडळ स्थापन झाले. म्हणजे ग्वातेमालाने काही जगावेगळे केले असे नाही. अशा कायद्यांचा तो काळच होता.

पण खरी गंमत आहे ती मोबदल्याच्या कलमात. मोबदला कोणत्या दराने? बाजारभावाने की पंचांच्या मताने? कायदा म्हणाला, दोन्ही नको. मालकाने कर भरण्यासाठी आपल्या जमिनीची जी किंमत सरकारदरबारी स्वतः लिहून दिली आहे, तीच किंमत आम्ही देऊ.

बघा हं, यात अन्याय कुठे आहे सांगा. आकडा सरकारचा नाही, मालकाचा आहे. कर कमी बसावा म्हणून कंपनीने वर्षानुवर्षे जमिनीची किंमत अगदी थोडी दाखवली होती. १९५३ च्या मार्चमध्ये तिकिसाते भागातली तिची सुमारे २ लाख १० हजार एकर पडीक जमीन सरकारजमा झाली आणि सरकारने वही उघडून मोबदला सांगितला : ६ लाख २७ हजार ५७२ डॉलर. एकरी साधारण तीन डॉलर. कंपनी एकदम उसळली. आणि उत्तर कंपनीकडून आले नाही, ते आले वॉशिंग्टनहून, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडून. मागणी होती १ कोटी ५८ लाख ५४ हजार ८४९ डॉलरची. एकरी पंचाहत्तर!

कर भरताना तीन, भरपाई घेताना पंचाहत्तर. आपल्या गावातही खरेदीखतावर एक किंमत आणि हातात दुसरी, हा प्रकार कोणी पाहिलाच नाही असे मी म्हणणार नाही. पण गावातल्या माणसाला तलाठ्यासमोर, मामलेदारासमोर उभे राहावे लागते. दोन आकड्यांची तोंडे एकमेकांसमोर आणता येतात. इथे ती सोय नव्हती. त्या देशाचे सारे न्यायालय, सारे कायदेमंडळ एका बाजूला, आणि वह्या ठेवणारी कंपनी दुसऱ्याच देशात.

त्या दुसऱ्या देशात कंपनीचे वजनही मोठे होते. परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस ज्या वकिली फर्ममधून आले, ती फर्म कंपनीचे काम पाहत आलेली. त्यांचे बंधू अ‍ॅलन डलेस हेरखात्याचे प्रमुख. प्रचारासाठी कंपनीने एडवर्ड बर्नेज नावाचा या विद्येतला पहिल्या प्रतीचा माणूस पगारावर ठेवला होता. तो अमेरिकन पत्रकारांना कंपनीच्या खर्चाने मळे दाखवायला नेई, आणि परत आल्यावर ते लिहीत, की ग्वातेमाला साम्यवाद्यांच्या घशात चालला. तिथे साम्यवादी होते, आर्बेंझ यांच्याजवळही होते, जमीनवाटपाच्या कामात तर पुढेच होते. हे झाकण्याचे कारण नाही. १९५४ च्या मे महिन्यात चेकोस्लोव्हाकियाहून शस्त्रे भरलेली बोट प्वेर्तो बारिओसला लागली, त्याने विरोधकांच्या हाती आयतेच कोलीत मिळाले.

यापुढचा भाग आकाशवाणीच्या पुस्तिकेत सांगताना मला थोडा संकोच वाटतो, कारण त्यातले मुख्य हत्यार रेडिओ होते. १ मे १९५४ पासून ग्वातेमालात एक नवे केंद्र ऐकू येऊ लागले : 'मुक्तीचा आवाज'. निवेदक सांगत, आम्ही ग्वातेमालाच्याच जंगलात लपून बोलतो आहोत, हजारो बंडखोर राजधानीकडे निघाले आहेत. खरे काय होते? बरेचसे कार्यक्रम अमेरिकेतल्या मायामी शहरात ध्वनिमुद्रित होऊन येत, आणि सारी योजना अमेरिकन हेरखात्याची. १८ जूनला कर्नल कास्तियो आर्मास होंडुरासमधून सरहद्द ओलांडून आत आला तेव्हा त्याच्याबरोबर पाचशेच्या आतली माणसे होती. लढाई म्हणावी अशी फारशी झालीच नाही. पण आकाशात थोडी विमाने, रेडिओवर हजारोंची फौज, आणि मागे अमेरिकेची सावली, एवढ्याने लष्करी अधिकाऱ्यांचे धैर्य गळाले. २७ जून १९५४ रोजी आर्बेंझ यांनी राजीनामा दिला. ऐकणाऱ्याला आवाज ऐकू येतो, बोलणाऱ्याची जागा दिसत नाही. आमच्या धंद्यातली ही खोट त्या वर्षी एका देशाला भोवली.

जमीनवाटपाचा कायदा गेला. सुमारे लाखभर कुटुंबांना जमीन मिळाली होती. बहुतेकांची ती काढून घेण्यात आली. कंपनीची जमीन कंपनीकडे परत गेली.

हे सारे कंपनीच्या सांगण्यावरून झाले, की साम्यवादाच्या भीतीने, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. काही म्हणतात, कंपनीची एक एकर जमीन गेली नसती तरी अमेरिकेने हेच केले असते. त्यांच्या बाजूने एक चमत्कारिक पुरावा आहे : आर्बेंझ पडून आठवडा उलटला नाही तोच अमेरिकेच्या न्यायखात्याने याच युनायटेड फ्रूटवर मक्तेदारीचा खटला भरला. १९५८ साली कंपनीला आपल्या धंद्याचा एक भाग तोडून देण्याचे कबूल करावे लागले. मला स्वतःला वाटते, भीती खरी असेल. पण ती भीती कोणत्या देशाविषयी आणि कोणत्या वर्षी जागी व्हावी, हे ठरवण्यात कंपनीच्या माणसांचा हात नक्कीच होता.

कंपनीला तरी त्यातून काय मिळाले? तिची ग्रो मिशेल केळी त्या रोगाने खाल्लीच. साठीच्या दशकात तिला रोगाला न जुमानणाऱ्या 'कॅव्हेंडिश' गटाच्या जातींकडे वळावे लागले. आपली बसराई याच गटातली, आणि आज खानदेशभर दिसणारी ग्रँड नैनही याच गटातली. १९७० साली युनायटेड फ्रूट दुसऱ्या एका कंपनीत मिसळली, आणि १९७२ साली ग्वातेमालातली तिची जमीन डेल माँटे या दुसऱ्या अमेरिकन कंपनीला विकली गेली. सरकारने वाटलेली जमीन जिने परत घेतली, तिने अठरा वर्षांनी ती विकून टाकली.

देशाला मात्र तसे मोकळे होता आले नाही. १९६० पासून १९९६ पर्यंत तिथे यादवी चालली. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने नेमलेल्या चौकशी मंडळाने १९९९ साली सांगितले, की दोन लाखांवर माणसे मारली गेली किंवा नाहीशी झाली, आणि त्यातली बहुसंख्य माया होती. म्हणजे ज्यांच्या वहीत दिवस भरले जात, त्यांचीच नातवंडे-पणतवंडे. त्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन ग्वातेमालात जाऊन म्हणाले, की दडपशाही करणाऱ्या लष्कराला आम्ही पाठिंबा दिला ही चूक होती.

आर्बेंझ १९७१ साली मेक्सिकोत वारले. त्यांच्या अस्थी १९९५ साली मायदेशी आल्या. २०११ साली ग्वातेमालाच्या सरकारने त्यांच्या कुटुंबाची जाहीर माफी मागितली. या प्रकरणात जे ठरले त्यात एक कलम रस्त्याचे आहे. कंपनीची जमीन घेण्याआधीच आर्बेंझ यांनी तिच्या रेल्वेवर उपाय म्हणून एक काम हाती घेतले होते : राजधानीपासून कॅरिबियन किनाऱ्यापर्यंत, रुळांना जवळजवळ समांतर जाणारी मोटारसडक. कॉफीवाल्याला, मक्यावाल्याला मालमोटार भरून थेट बंदरावर जाता यावे, भाडे कोणाला किती द्यायचे ते त्याचे त्याला ठरवता यावे, एवढाच तिचा हेतू. सडक पुरी झाली ती ते पदावरून गेल्यावर. रेल्वे १९६८ साली सरकारकडे आली आणि २००७ साली तिच्यावरची वाहतूक थांबली. देशाचा माल आता सडकेने बंदराला जातो, आणि २०११ साली ठरल्याप्रमाणे त्या सडकेला हाकोबो आर्बेंझ यांचे नाव दिलेले आहे.